एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा फ्युएल पंप घरीच कसा बदलायचा

इंजिन सुरू होईना, की पहिला आळ पंपावर येतो. मिस्त्री लांबूनच सांगतो, "पंप गेला असणार." मग नवा पंप येतो, बसतो, आणि इंजिन तरीही ढिम्म. म्हणून पंप खोलण्याआधी तो खरोखर गेला आहे का, हे पाहण्यात निम्मा वेळ घालवावा. उरलेल्या वेळातलाही मोठा हिस्सा स्वच्छता आणि टायमिंग (डिझेल नेमक्या क्षणी फवारलं जाईल अशी जुळणी) खातं. पान्हा चालवायचं काम त्या मानाने किरकोळ.

हा लेख शेतावरच्या, एका सिलिंडरच्या, उभ्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाबद्दल आहे. विहिरीवर, कॅनॉलच्या काठी, कडबाकुट्टीला किंवा पिठाच्या गिरणीला दिसतं ते. किर्लोस्करचं ए.व्ही.१ हा त्याचा ओळखीचा नमुना: ८० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ११० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), १५०० फेऱ्यांना ५ एचपी. त्याच घाटणीचं दुसऱ्या नावाचं इंजिन असलं तरी पद्धत तीच. ट्रॅक्टरचा तीन-चार सिलिंडरचा इनलाइन पंप गिअरवर चालतो. त्याचं टायमिंग गिअरच्या खुणांवर आणि फ्लँजच्या लांबट भोकांवर लावतात, म्हणून तो इथे घेतलेला नाही. आणि कॉमन रेलच्या नव्या गाड्यांना घरी हातच लावू नये. तिथले दाब हजार बारच्या कितीतरी वर असतात आणि अर्धा कारभार कॉम्प्युटरकडे असतो.

पंप करतो काय

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदा डिझेल फवारलं जातं. म्हणजे १५०० फेऱ्यांना मिनिटाला ७५० वेळा, तासाला ४५,००० वेळा. पाच एचपीचं इंजिन पुऱ्या लोडवर तासाला साधारण लिटरभर डिझेल पितं. भागाकार केला तर एका फवाऱ्याला जेमतेम २२ घनमिलिमीटर येतात, फार तर एक थेंब. तो थेंब पंपाने ठरल्या अंशाला, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचं तोंड) उघडेल इतक्या म्हणजे सुमारे २०० बार दाबाने पाठवायचा असतो. हे जमतं ते प्लंजर (वर-खाली होणारा दांडा) आणि बॅरल (त्याची नळी) यांच्यात दोन-चार मायक्रॉनचीच फट असते म्हणून. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. त्यामुळे धुळीचा जो कण डोळ्याला दिसतही नाही, तो पंपाला मारायला पुरतो.

म्हणूनच पंप घरी बदलावा, पण घरी उघडू नये. प्लंजर आणि बॅरल जोडीनेच घासून तयार केलेले असतात. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये चालत नाही. एलिमेंट, म्हणजे ही जोडी, बदलायचं तर ते टेस्ट-बेंच असलेल्या कॅलिब्रेशनच्या दुकानात.

पंप खरंच गेलाय का

सुरुवात टाकीपासून करा. पंपाच्या इनलेटची नळी सोडा, खाली स्वच्छ बाटली धरा आणि टाकीची तोटी उघडा. सलग धार पडायला हवी. थेंब-थेंब येत असेल तर फिल्टर तुंबलाय, टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बंद झालंय किंवा नळीत कचरा आहे. बाटली जरा वेळ तशीच ठेवा. तळाशी पाणी साचलेलं दिसलं तर नुसतं पंपाचं निदान करून भागणार नाही.

मग हवा. टाकी रिकामी होईपर्यंत इंजिन चालवलं असेल किंवा नळीचा वायसर सैल असेल तर पंपात हवा शिरते. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही. त्यामुळे प्लंजर हवेचा बुडबुडाच दाबत बसतो आणि नोझल उघडतच नाही. हवा कशी काढायची ते पुढे येईल. आळ येण्याआधी ती काढून बघितली तर बरेच "गेलेले" पंप जिवंत होतात.

तिसरा संशय नोझलवर. हायप्रेशर पाईपसकट इंजेक्टर हेडमधून बाहेर काढा, पाईप पंपाला जोडून नोझलचं तोंड माणसांपासून लांब वळवा आणि हँडल मारा. चांगलं नोझल करकर आवाज करतं आणि डिझेल धुक्यासारखं फेकतं. पिचकारी किंवा थेंब पडत असतील तर नोझल टेस्टरवर न्या. नोझलचा खर्च पंपापेक्षा कमी असतो, म्हणून आधी त्याची चौकशी.

इथे एक धोका, आणि तो मी कितीही वेळा सांगेन. नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट, तळहात, काहीही धरू नका. हा फवारा कातडी फोडून आत शिरतो. बाहेरून टाचणी टोचल्याएवढीच जखम दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आत डिझेल पसरून बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असं झालं तर हळद लावून थांबू नका. तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि "दाबाखालचं डिझेल आत गेलंय" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

एवढं सगळं ठीक निघालं तर पंपाकडे वळा. डिझेल पोचतंय, हवा नाही, नोझल दुसऱ्या इंजिनावर नीट चालतं, पण या इंजिनावर पाईपमधून मरगळलेलं डिझेल येतं. इंजिन गार असताना कसंबसं सुरू होतं, पण गरम झाल्यावर बंद केलं की पुन्हा सुरू होत नाही. हे झिजलेल्या एलिमेंटचं लक्षण. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून निसटतं. दुसरं लक्षण ऑइलच्या डिपस्टिकवर. ऑइल न घालताच पातळी वाढत असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल प्लंजरच्या बाजूने क्रँककेसमध्ये उतरतंय. असं इंजिन चालवत राहिलात तर पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं आणि पंपाच्या खर्चावर क्रँकचा खर्च चढतो. तिसरं लक्षण म्हणजे रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी सरकती दांडी) अडकणं. इंजिन एकाच वेगात राहतं किंवा स्टॉपला दाद देत नाही. हे मात्र अंगावर काढायचं दुखणं नाही.

पंप का गेला, हेही आताच शोधून ठेवा. डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं असेल तर पंपाचं वंगण कमी होतं, कारण पंपाला वंगण डिझेलच देतं. टाकीत पाणी, गंजका पिंप, न बदललेला फिल्टर, यातलं जे असेल ते आधी दुरुस्त करा. नाहीतर नवा पंपही त्याच वाटेने जाईल.

नवा पंप घेताना

जुन्या पंपाच्या पट्टीवरचा पूर्ण नंबर उतरवून घ्या, मोबाईलवर फोटोही काढा. नंबराच्या सुरुवातीला पी.एफ. असतं, म्हणजे फ्लँजवर बसणारा, स्वतःचा कॅमशाफ्ट नसलेला पंप. मधला ७० किंवा ८० हा आकडा प्लंजरचा व्यास सांगतो, ७ किंवा ८ मिमी. दिसायला सारखा, पण मोठ्या प्लंजरचा पंप बसवला तर इंजिन काळा धूर ओकेल. त्याहून वाईट म्हणजे रॅकची दिशा उलटी असणं. काही पंपांत रॅक एका बाजूला ढकलल्यावर डिझेल वाढतं, काहींत दुसऱ्या. दिशा चुकली तर गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारी यंत्रणा) वेग कमी करायला जाईल आणि डिझेल वाढवून बसेल. म्हणून "हाच बसतो सगळ्याला" हे दुकानातलं वाक्य ऐकून घ्या, पण नंबर जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका.

गावाकडे अजून "मायकोचा पंप" असंच म्हणतात. मायको म्हणजे १९५१ साली बंगळूरला सुरू झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी. २००८ पासून तिचं नाव बॉश आहे, त्यामुळे आज खोक्यावर मायको शोधत बसू नका. नक्कल मालही भरपूर आहे. पक्कं बिल घ्या आणि तोंडांवरच्या टोप्या शाबूत आहेत का बघा. दुकानातच पंपाचा प्लंजर अंगठ्याने दाबून बघा, तो मऊ जाऊन परत यायला हवा. पंप तिरका केला की रॅक अडखळता कामा नये.

पंपासोबत इनलेटच्या दोन्ही बाजूंचे नवे वायसर, फ्लँजखालचं पॅकिंग, वेगवेगळ्या जाडीच्या दोन-चार शीम (पातळ पत्र्याच्या चकत्या) आणि नवा फिल्टर एलिमेंट एकाच फेरीत आणा. तांब्याचे जुने वायसर वापरायचे असतील तर ते गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा. तांबं पुन्हा मऊ होतं आणि नीट दबतं. ॲल्युमिनियमच्या वायसरला हा उपाय नाही, तो लाल होण्याआधीच वितळतो.

जागा आणि हत्यारं

मळणी चालू असलेल्या खळ्याशेजारी हे काम करू नका. वारा नसलेली सकाळ घ्या. शक्य असेल तर इंजिन शेडमध्ये आणा, नाहीतर वरून आणि वाऱ्याच्या बाजूने ताडपत्री बांधा. काम करणाऱ्याने हात साबणाने धुवावेत. तंबाखू मळलेले हात पंपाला चालत नाहीत, आणि विडी तर डिझेलच्या आसपास नकोच.

हत्यारं थोडीच लागतात. फ्लँजच्या नटांना बसणारा रिंग पान्हा, हायप्रेशर पाईपच्या नटासाठी बहुधा १७ किंवा १९ चा पान्हा, पेचकस, शीमची जाडी मोजायला व्हर्निअर, चांगली बॅटरी (टॉर्च), दोन स्वच्छ ताटल्या, लिटरभर गाळलेलं डिझेल आणि धागे न सोडणाऱ्या सुती चिंध्या. कापसाचा वेस्ट टाळा, त्याचे तंतू थेट नोझलमध्ये जातात. साधी लाकडी फळीही जवळ ठेवा, एअर फिल्टरच्या नळीचं तोंड पुरतं झाकेल एवढी. तिचं काम शेवटी आहे.

खोलण्याआधी पंप, त्याच्या नळ्या आणि आजूबाजूचं क्रँककेस डिझेल आणि ब्रशने धुवून कोरडं करा. पंपाभोवतीचा ऑइल-धुळीचा थर पंप उचलल्यावर सरळ कॅमवर (प्लंजरला वर ढकलणाऱ्या उंचवट्यावर) पडतो. या धुण्याला पुरेसा वेळ द्या.

जुना पंप काढणं

टाकीची तोटी बंद. हायप्रेशर पाईप आधी इंजेक्टरकडून, मग पंपाकडून सोडा. नट सोडताना पंपाच्या डोक्यावरचा डिलिव्हरी व्हॉल्वचा होल्डर फिरता कामा नये, त्याला दुसरा पान्हा लावून धरा. पाईप काढला की वाकवू नका आणि दोन्ही तोंडं प्लास्टिकने बांधा. इंजेक्टरचं आणि पंपाचं तोंडही तसंच. नंतर इनलेटची नळी. तिच्या बोल्टमधून येणारं डिझेल ताटलीत धरा, ते विहिरीच्या काठावर सांडू देऊ नका.

आता फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) हाताने सावकाश फिरवत पंपाचा कॅम खाली येईल अशा जागी आणा. प्लंजरच्या स्प्रिंगचा दाब कमी झालेला असला की नट सोडताना पंप उसळत नाही. इथे फ्लायव्हीलवर आणि इंजिनावर समोरासमोर खडूने खूण करा. मग फ्लँजचे नट आडवे-तिडवे, थोडे-थोडे सोडा.

पंप उचलताना घाई केली की दोन घोटाळे होतात. पहिला रॅकचा. रॅकचं टोक किंवा त्यावरची पिन गव्हर्नरच्या लिव्हरच्या खाचेत असते. काही इंजिनांत हे बाहेरून दिसतं, काहींत क्रँककेसच्या आत असतं. पंप सरळ ओढला तर लिव्हर वाकतो. स्टॉपचा खटका हलवून रॅक सोडवून घ्या आणि मगच पंप उचला. पिन नेमकी कुठल्या खाचेत होती याचा फोटो आधीच काढा. दुसरा घोटाळा शीमचा. पंपाच्या फ्लँजखाली कागदासारख्या पातळ पत्र्याच्या शीम असतात. त्यातली एखादी पंपाला चिकटून वर येते, एखादी इंजिनावरच राहते. सगळ्या गोळा करा, पुसा, एकत्र धरून व्हर्निअरने जाडी मोजा आणि लिहून ठेवा. जुन्या टायमिंगचा एवढाच पुरावा तुमच्याकडे असतो.

पंप निघाला की खालचा टॅपेट, म्हणजे कॅमची ढकल प्लंजरला देणारा भाग, बघा (काही पंपांत रोलर पंपालाच असतो). रोलर मोकळा फिरायला हवा, पृष्ठभागावर खड्डे नकोत. टॅपेटची झीज जास्त असेल तर टायमिंग मागे जातं आणि दोष नव्या पंपावर येतो. भोकात स्वच्छ चिंधी घाला आणि पंप बसेपर्यंत इंजिन फिरवू नका.

नवा पंप बसवणं

नव्या पंपाला कारखान्यातलं गंजरोधक तेल असतं. ते बाहेरून डिझेलने धुवा. टोप्या अगदी शेवटच्या क्षणी काढायच्या. जुन्या शीमची एकूण जाडी जेवढी होती तेवढीच आत्ता घाला. टॅपेटवर थोडं इंजिन ऑइल टाका.

रॅकची पिन खाचेत अडकवत पंप खाली उतरवा. तो हाताच्या दाबाने जवळजवळ बसायला हवा. नटाने ओढून बसवावा लागत असेल तर रॅक कुठेतरी आडवा आलाय किंवा कॅम वर आहे. नट हाताने टेकवा, मग आलटून-पालटून सारखे आवळा.

आता थांबा. स्टॉपचा खटका आणि थ्रॉटल दोन्ही हलवून बघा. रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज जायला हवा आणि खटका सोडला की गव्हर्नरच्या स्प्रिंगने आपोआप परत यायला हवा. फ्लँज आवळल्यावर रॅक जड झाला तर नट सोडून पुन्हा बसवा. रॅक गव्हर्नरशी जुळलेला नसताना इंजिन सुरू केलं तर ते वेगावर वेग घेत सुटतं आणि आवरत नाही. फ्लायव्हील फुटून माणसं दगावण्याचा धोका इथेच असतो. ही तपासणी दुसऱ्या माणसाकडूनही करून घ्या.

शेवटी डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरचा दाब सोडणारा) खटका उचलून इंजिन हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. कुठेही टणक अडथळा लागला तर जोर लावू नका. शीम कमी पडल्या असतील तर कॅम वर असताना प्लंजर डोक्याकडे आपटू शकतो.

टायमिंग

नव्या पंपाला जुन्याच शीम घालून काम संपलं असं पुष्कळ जण धरतात. बऱ्याचदा चालतंही. पण दोन पंपांची मापं तंतोतंत सारखी नसतात, आणि मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागाचा फरक टायमिंगवर दिसतो. म्हणून ते तपासायचंच.

आधी नियम नीट समजून घ्या. प्लंजर वर जाताना बॅरलचं भोक झाकतो, त्या क्षणी डिझेलवर दाब सुरू होतो. पंपाखाली शीम वाढवली की बॅरल वर जातो, प्लंजरला भोक गाठायला जास्त चढावं लागतं, म्हणजे इंजेक्शन (डिझेलचा फवारा) उशिरा. शीम काढली की लवकर. मिस्त्रींमध्येसुद्धा हे उलटं सांगणारे भेटतात. घोळ झाला तर हा परिच्छेद पुन्हा वाचा.

इंजेक्शन किती अंश आधी हवं हे इंजिनाच्या पुस्तकात किंवा पट्टीवर असतं. किर्लोस्करच्या टी.व्ही.१ ला, म्हणजे ८७.५ मिमी बोअर आणि ६६१ सीसीच्या इंजिनाला, ते पिस्टन सगळ्यात वर येण्याच्या २३ अंश आधी असतं. तुमच्या मॉडेलचा आकडा वेगळा असू शकतो, तो तुमच्याच पुस्तकातून घ्या. बऱ्याच फ्लायव्हीलवर दोन खुणा असतात: पिस्टन सगळ्यात वर असतानाची टी.सी. आणि त्याच्या आधीची इंजेक्शनची.

दुसरी खूण पुसली असेल तर ती काढता येते. फ्लायव्हीलचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. समजा तो १४४० मिमी आला. ३६० ने भागलं की एक अंश म्हणजे ४ मिमी. २३ अंशांना ९२ मिमी. टी.सी.च्या खुणेपासून फ्लायव्हील ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने ९२ मिमी पुढे खूण करा. ती टी.सी.च्या आधी इंजिनावरच्या काट्यासमोर येते, म्हणून पुढे.

टी.सी.ची खूणही नसेल तर इंजेक्टरच्या भोकातून पितळेची लांब, जाड तार पिस्टनवर टेकवा. तारेचं वरचं टोक हातात घट्ट धरून ठेवा, आत पडली तर हेड खोलावं लागेल. पिस्टन अर्ध्यात असताना तारेवर आणि फ्लायव्हीलवर खूण करा. फ्लायव्हील पुढे फिरवत पिस्टन वर जाऊन परत खाली येताना तार त्याच उंचीला आली, की दुसरी खूण. या दोन खुणांचा मध्य म्हणजे टी.सी. अगदी वरच्या टोकाला मोजायला जाऊ नका, तिथे चाक बरंच फिरलं तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही आणि नजर फसते.

आता प्रत्यक्ष तपासणी. हायप्रेशर पाईप पंपाला लावायचा नाही. इनलेट जोडा, तोटी उघडा आणि पंपावर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे जाऊ द्या. खटका चालू स्थितीत ठेवा. स्टॉपवर असेल तर प्लंजर डिझेल दाबतच नाही आणि तुम्ही फुकट फिरवत बसाल. इंजिन हाताने फिरवत राहा, डिलिव्हरी होल्डरच्या तोंडाशी डिझेल भरून येईल. वरचं थोडं चिंधीने टिपा, म्हणजे पातळी काठाच्या किंचित खाली दिसेल. बॅटरी तिरकी मारली की पृष्ठभाग चमकतो.

फ्लायव्हील आता फिरण्याच्याच दिशेने, अगदी सावकाश. होल्डरमधलं डिझेल ज्या क्षणी पहिल्यांदा हलतं, तिथेच थांबा. फ्लायव्हीलवर काट्यासमोर खूण करा. थोडं पुढे गेलात तर मागे आणून जुळवू नका, गिअरमधल्या ढिलेपणामुळे वाचन चुकतं. पाव फेरी मागे जा आणि पुन्हा पुढून या. तीनदा करा, तिन्ही खुणा एकाच जागी पडायला हव्यात. दर दोन फेऱ्यांत एकदाच हे होणार, एका फेरीत काही हललं नाही म्हणून घाबरू नका.

आलेली खूण आणि हवी ती खूण यांतलं अंतर मोजा. तुमची खूण टी.सी.च्या जास्त जवळ असेल तर इंजेक्शन उशिरा होतंय, एक शीम काढा. जास्त लांब असेल तर लवकर होतंय, एक शीम घाला. शीम बदलून पुन्हा तपासा, आणि शीम काढली असेल तर आधीसारख्याच दोन फेऱ्या हाताने फिरवून घ्या. एका शीमने खूण किती मिमी हलली ते वहीत लिहा. तुमच्या इंजिनासाठी ते गणित पुढच्या वेळी तयार राहील.

काही पंपांच्या अंगाला छोटी खिडकी असते. त्यांच्यात आतल्या कपावरची रेघ खिडकीच्या काठावरच्या रेघेशी जुळली की तीच इंजेक्शनची जागा. तिथे हाच हिशेब डिझेल न हलवता डोळ्यांनी होतो.

हवा काढणं

डिलिव्हरी होल्डर पुसा, हायप्रेशर पाईप पंपाला पक्का लावा, इंजेक्टरकडचा नट मात्र दोन-तीन आटे सैल ठेवा. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सोडून तिथून सलग धार येऊ द्या, मग तो आवळा. त्यानंतर पंपाचा स्क्रू, त्याच पद्धतीने. डिकॉम्प्रेशन उचलून हँडल फिरवा. इंजेक्टरकडच्या सैल नटातून आधी फेस, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल झटक्याने येईल. आता तो नट आवळा आणि आणखी फिरवा. इंजेक्टरमधून करकर ऐकू आली की हवा निघाली. आवाज येत नसेल तर इंजिन सुरू करायचा प्रयत्न करू नका, सिलिंडरमध्ये डिझेल साचत जाईल. पुन्हा सुरुवातीपासून हवा काढा.

पहिलं स्टार्ट

ऑइलमध्ये डिझेल उतरलं होतं तर स्टार्टच्या आधी ऑइल बदलायचं, नंतर नाही. इंजिनावरचा लोड, पट्टा किंवा पंपाचं कपलिंग मोकळं करा. एअर फिल्टर काढून नळीचं तोंड उघडं ठेवा आणि फळी एका माणसाच्या हातात द्या. इंजिन वेग घेत सुटलं तर स्टॉप ओढायचा, आणि नाही थांबलं तर फळी त्या तोंडावर दाबायची. हवा बंद झाली की डिझेल असूनही इंजिन मरतं. तळहात किंवा चिंधी लावू नका, चिंधी आत ओढली जाते. फ्लायव्हीलच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, लहान मुलांना तर लांबच पाठवा.

हँडल अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून धरा, म्हणजे उलटा झटका बसला तर हात सुटेल. टायमिंग फार पुढे असेल तर इंजिन हँडल उलटं मारतं, आणि त्यात मनगटं मोडलेली आहेत.

सुरू झालं की आवाज ऐका. टणटण ठोकतंय तर इंजेक्शन लवकर. पांढरट धूर येतोय, सायलेन्सर लवकर तापतोय आणि जोर नाही, तर बहुधा उशिरा. गार इंजिनाचा पांढरा धूर मात्र पाच-दहा मिनिटं चालतो, त्याच्यावरून निकाल देऊ नका. लोड नसतानाही काळा धूर म्हणजे नोझल किंवा चुकीचा पंप. स्टॉपने इंजिन बंद होतंय का हे पहिल्या दोन मिनिटांतच बघा. मग एअर फिल्टर परत लावा आणि लोड हळूहळू द्या.

पाईपचे नट गरम झाल्यावर पाझरतात का, ते इंजिन चालू असताना पुठ्ठा धरून बघा, बोटाने नाही. पाझरत असतील तर इंजिन बंद करून आवळा. चालू इंजिनावर पान्हा लावू नका. पहिल्या आठ-दहा तासांनंतर फ्लँजचे नट आणि ऑइलची पातळी बघा. पातळी वाढली असेल तर नवा पंपसुद्धा गळतोय, बिल घेऊन दुकान गाठा.

जुना पंप भंगारात देऊ नका. तोंडं बंद करून, थोडं ऑइल लावून ठेवा. कॅलिब्रेशनवाल्याला दाखवा. बॉडी आणि रॅक चांगले असतील तर नवं एलिमेंट टाकून तो पुन्हा उभा राहतो, आणि ऐन पाण्याच्या पाळीत पंप बसला तर तोच उपयोगी पडतो.